‘प्रोपिशिएट’ : कोप शमवणाऱ्या क्रियापदाची पार्श्वभूमी

कोपलेल्या किंवा कोपू शकणाऱ्या बलवानाला, विशेषतः देवतेला, काही अर्पण करून अनुकूल करून घेणे, असा ‘प्रोपिशिएट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आहे. ‘प्रसन्न, अनुकूल’ या अर्थाच्या ‘प्रोपिशियस’ या लॅटिन विशेषणातून ते आले, आणि इंग्रजीत त्याची जोपासना मुख्यतः धर्मशास्त्राने केली. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘प्रोपिशिएशन’ हे नाम तीनदा येते. पुढे देवाचा राग शमवायचा की माणसाचे पाप धुऊन काढायचे, यावर पंडितांचा वाद रंगला आणि १९४६ च्या सुधारित अमेरिकी भाषांतराने हे नाम गाळून ‘एक्स्पिएशन’ (पापक्षालन) स्वीकारले.

नागपूरशी या शब्दाचा संबंध मिशनरी आणि प्रशासकीय लेखनातून येतो. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि येथील लोकाचाराची इंग्रजीत नोंद होऊ लागली. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची आदिवासींविषयीची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रशासक रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ चा. कोंबडे, नारळ, शेंदूर देऊन गावदेवीचा कोप टाळणे या लेखकवर्गाला याच क्रियापदात सांगणे सोयीचे वाटले. परिणामी त्याला भयाचा वास चिकटला, आणि माझ्या मते तो काहीसा अन्यायाचा आहे, कारण सुशिक्षित घरातली ग्रहशांतही याच जातीची क्रिया आहे.

मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबतीला, म्हणजे पीडेच्या पुतळ्याला, हे क्रियापद लावणे चूक ठरेल. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत तिला गावाबाहेर नेऊन जाळतात; तिथे मनधरणी नसते, हकालपट्टी असते.

वापराचे बंधनही लक्षात घ्यावे. ‘अपीज’ (शांत करणे) हे क्रियापद भुकेलाही चालते, शिवाय हिटलरला झुकते माप देणाऱ्या १९३८ च्या म्युनिक करारानंतर त्याला लांगूलचालनाची छटा आली; ‘प्रोपिशिएट’चे कर्म मात्र बहुधा देव किंवा सत्ताधारी व्यक्तीच असते. हिवाळी अधिवेशनात रुसलेल्या आमदाराची समजूत काढली, तर इंग्रजी बातमीत ‘प्लॅकेट’ (राग घालवणे) शोभते. तिथे ‘प्रोपिशिएट’ लिहिले, तर आमदारापुढे नारळ फोडल्याचा उपरोध वाचकाला जाणवल्याशिवाय राहत नाही.