गिरणेची वाळू आणि पुलाचा पाया

गिरणेच्या पात्रात घोटाभर वाहत्या पाण्यात क्षणभर स्थिर उभे राहिले, की टाचांखालची वाळू हळूहळू निसटू लागते आणि तोल सावरण्यासाठी पाय उचलावा लागतो. जळगावहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग बांभोरीजवळ ज्या खांबांवरून हीच नदी ओलांडतो, त्या खांबांना पाय उचलता येत नाही.

पुराचे पाणी खांबावर आदळले, की त्याचा काही भाग खांबाच्या पुढच्या अंगाने थेट तळाकडे वळतो आणि तिथे खांबाला घोड्याच्या नालेसारखा वेढणारा भोवरा तयार होतो. हा भोवरा वाळू उकरून प्रवाहात सोडतो आणि पायाभोवती खड्डा पडतो. अभियंते याला ‘स्कावर’ म्हणतात. नदीवरील पूल कोसळण्याच्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे. तरी लोकांच्या बोलण्यात ते क्वचितच येते, कारण स्लॅबची भेग किंवा उघडी पडलेली गंजकी सळई कुणालाही दिसते, हा खड्डा मात्र गढूळ पाण्याखाली असतो. त्याहून फसवी गोष्ट अशी, की पूर ओसरताना पाण्याचा वेग मंदावतो, वरून वाहत आलेली वाळू त्याच खड्ड्यात बसते आणि आठवड्याने पाहणीला गेलेल्या माणसाला पात्र पूर्वीसारखेच सपाट दिसते. ही नवी वाळू सैल असते, तिच्या भरवशावर खांब उभा ठेवता येत नाही.

तापीच्या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी गाळाचा थर इतका जाड आहे, की खालचा काळा पाषाण सहज हाती लागत नाही. अशा नद्यांवर ‘वेल फाउंडेशन’ म्हणजे अक्षरशः विहिरीचा पाया घेतात. काँक्रीटचे कडे पात्रात उभे करायचे, आतली वाळू उपसत जायचे आणि ते कडे स्वतःच्या वजनाने खाली उतरू द्यायचे. रस्ते आणि पुलांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या संहितेनुसार खांबाजवळच्या स्कावरची कमाल खोली, पुराच्या उच्चतम पातळीपासून मोजून, सरासरी स्कावर खोलीच्या, म्हणजे पुरात एकूण पात्र सरासरी जितके खोल जाते तिच्या, दुप्पट धरतात आणि पाया तिच्याही खाली नेतात, म्हणजे ऐन पुरातही त्याला जमिनीची पकड उरते. आता याच पात्रातून वर्षानुवर्षे वाळू उपसली गेली आणि तळच खाली गेला, तर पूर येण्यापूर्वीच ही पकड आखूड झालेली असते. वाळू उपशाकडे महसुलाचा किंवा पर्यावरणाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. माझ्या मते तो तितकाच पुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

अशा दुर्घटनेचा तपास किती चिकाटीने करावा लागतो, हे अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात दिसले. ५ एप्रिल १९८७ रोजी तिथल्या स्कोहॅरी नदीवरील महामार्गाच्या पुलाचा एक खांब ऐन पुरात कलंडला, वरचे गाळे, म्हणजे खांबांमधले पुलाचे भाग, पाण्यात पडले आणि १० जणांचा मृत्यू झाला. तपासकांनी नंतर खांबाभोवती बांध घालून पाणी उपसले, पाया उघडा केला आणि मातीचे थर तपासले. खांबाखाली सुमारे ३ मीटर खोल खड्डा पडलेला होता. पाया उथळ होता, त्याच्या रक्षणासाठी टाकलेले दगड आधीच्या पुरांत वाहून गेले होते आणि त्यांची पुरेशी भरपाई झालेली नव्हती. आपल्याकडे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला, तेव्हा एसटीच्या बसचा सांगाडा सापडायलाच आठवडा उलटला होता. जी नदी पूल पाडते तीच पुरावाही वाहून नेते.

प्रत्येक वेळी दोष पाण्याचा नसतो. १ ऑगस्ट २००७ रोजी मिनियापोलिस येथील महामार्गाचा पोलादी पूल कोसळून १३ जण दगावले. तपासात आढळले, की सांधे जोडणाऱ्या काही पट्ट्या मूळ आराखड्यातच आवश्यकतेच्या सुमारे निम्म्या जाडीच्या होत्या आणि त्या दिवशी दुरुस्तीचे जड साहित्य नेमके त्याच भागावर रचलेले होते. १९९९ आणि २००३ मधील छायाचित्रांत त्या पट्ट्या वाकलेल्या स्पष्ट दिसत होत्या.

पाण्याखालच्या खड्ड्याचे असे छायाचित्र काढता येत नाही. त्यासाठी काही पुलांवर एक साधी युक्ती वापरतात. खांबालगत पात्रात खोलवर एक नळी रोवून तिच्यावर चुंबक बसवलेले सैल कडे सरकवतात. ते वाळूवर टेकून राहते आणि पुरात खड्डा जसा खोल होत जाईल तसे त्याच्याबरोबर खाली उतरते. पूर ओसरल्यावर त्याच्यावर पुन्हा वाळू बसते, पण गाडले गेलेले कडे वर येत नाही. नळीच्या आत मापक सोडून चुंबक कुठे आहे ते पाहिले, की पात्र वरून कितीही सपाट दिसत असले तरी पुरात नदी किती खोल गेली होती, ते कळते.