खाऱ्या पाण्याचा पत्ता

मोठ्या सरीनंतर ठाणे खाडीत पुष्कळदा दोन पाणी एकावर एक असतात: वर नाल्या-ओढ्यांचं हलकं गोडं पाणी, तळाशी समुद्राचं जड खारं. मोजून पाहायचं तर वाशीगावाच्या जेट्टीवर माहीतगार कोळ्याला सोबत घेऊन जा. बाटलीच्या बुडाला शिसं बांधा आणि बुचाला वेगळी दोरी. बाटली गाळापासून हातभर वर थांबवून बूच ओढा. बुडबुडे थांबले की ती भरली. नमुना झाकण लावूनच रात्रभर निवळू द्या. उघडा राहिला तर बाष्पीभवनाने क्षारता वाढते. मत्स्यालयवाले क्षारता मोजायला वापरतात त्या रिफ्रॅक्टोमीटरवर आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्य लावा, मग एक थेंब टाका. उघड्या समुद्राचं पाणी किलोला साधारण 35 ग्रॅम क्षार दाखवतं.

बहुतेकांची चूक इथे होते: एक नमुना भरतीचा घेतात, दुसरा ओहोटीचा, आणि फरक पडला म्हणजे पाणी बदललं असं धरतात. बदललेली असते ती फक्त भरतीची वेळ.

खोल समुद्रातही हाच घोळ होतो. तिथले थर वर-खाली हलत असतात. त्यामुळे 200 मीटरवर आज जास्त खारं पाणी सापडलं, तर तो नुसता वर सरकलेला खालचा थरही असू शकतो. म्हणून समुद्रशास्त्रज्ञ एकाच खोलीची तुलना करून थांबत नाहीत. ते एकाच घनतेचं पाणी शोधून त्याची क्षारता ताडून पाहतात.

खरा बदल मात्र वरूनच येतो. खाली ना ऊन पोचतं ना पाऊस. तिथली क्षारता बदलायची तर शेजारच्या थराशी मिसळण झाली पाहिजे, नाहीतर दुसरीकडचं पाणी वाहत आलं पाहिजे. भांडुप-मुलुंडची मिठागरं पाहिलेल्यांना पुढची गोष्ट लगेच कळेल. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावर जमिनीकडून कोरडा, गार वारा वाहतो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि उरलेलं पाणी थंडही होतं. दुहेरी जड झालेलं ते पाणी खाली सरकून दक्षिणेकडे पसरतं. त्याच्याही खाली, साधारण 200 ते 350 मीटरवर इराणच्या आखातातून आलेलं खारं पाणी भेटतं आणि 500 ते 800 मीटरच्या आसपास तांबड्या समुद्राचं. खारटपणा हा पाण्याचा पत्ताच आहे: कुठून निघालं आणि निघताना तिथे किती सुकवण होती, ते त्यात नोंदलेलं असतं. याच हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातलं कमी खारं पाणी किनाऱ्यालगतच्या प्रवाहाबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्याने वर चढतं.

हे सगळं टिपतात ते आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात सोडलेली, आपोआप खाली-वर होणारी मोजणी-यंत्रं. 1000 मीटरवर तरंगत राहायचं, साधारण दर 10 दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरून मोजत वर यायचं आणि उपग्रहाला आकडे द्यायचे. भारताचे फ्लोट हैदराबादची इन्कॉइस ही संस्था सांभाळते. क्षारता थेट मोजली जात नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते त्यावरून ती काढतात. तापमान 1 अंशाने वाढलं की ही वाहकता सुमारे 2 टक्क्यांनी वाढते. म्हणजे तापमापक 1 अंश चुकला तर क्षारतेत जवळपास 0.7 ग्रॅमची चूक, आणि खोल पाण्यात शोधायचा फरक असतो 0.01 ग्रॅमचा! शिवाय सेन्सरवर शेवाळ किंवा सूक्ष्मजीव चिकटले की आकडे महिनोन्‌महिने हळूहळू घसरत जातात. ते पकडण्यासाठी फ्लोटचे सगळ्यात खोलचे आकडे जहाजावरून घेतलेल्या नमुन्यांशी जुळवतात, कारण 2000 मीटरच्या आसपास पाण्याची क्षारता वर्षानुवर्षं फारशी बदलत नाही.