कुष्ठरोगाचा दर खाली आला, रोग किती खाली आला?

१९८३ साली भारतात दर दहा हजार लोकांमागे सुमारे ५८ कुष्ठरुग्ण नोंदलेले होते. डिसेंबर २००५ मध्ये हा आकडा एकाच्या खाली आला आणि देशपातळीवर कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर करण्यात आले. पुढे २०१४-१५ या एकाच वर्षात देशात सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडले. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सांगतो की एका ठरावीक दिवशी किती लोक उपचार घेत होते. दुसरा सांगतो की वर्षभरात किती जणांना नव्याने निदान मिळाले. बातमीत दोन्हींना सरसकट ‘दर’ म्हटले जाते आणि घोळ तिथेच सुरू होतो.

पहिल्याचे नाव रोगप्रसार दर. ३१ मार्चला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये जितके रुग्ण उपचारावर असतील त्यांना लोकसंख्येने भागायचे आणि दहा हजाराने गुणायचे. दुसरा नवीन रुग्ण शोध दर. एप्रिल ते मार्च या वर्षात सापडलेले नवे रुग्ण घ्यायचे, लोकसंख्येने भागायचे आणि एक लाखाने गुणायचे. एक दहा हजारामागे, दुसरा लाखामागे, एवढे जरी नजरेतून सुटले तरी तुलना दहापटीने चुकते.

आता रजिस्टर जवळून पाहू. त्वचेवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टे असतील आणि ते पाचपर्यंत असतील तर साधारणपणे रुग्णाला असांसर्गिक गटात घालतात आणि बहुविध औषधोपचार, म्हणजे एकापेक्षा जास्त औषधे एकत्र, सहा महिने देतात. सहा किंवा अधिक चट्टे असतील तर सांसर्गिक गट, बारा महिने. कोर्स पूर्ण झाला की रुग्ण ‘उपचारमुक्त’ होतो आणि ३१ मार्चच्या मोजणीतून त्याचे नाव जाते. बोटे वाकडी राहिली, तळपायाची जखम भरत नसली, तरीही जाते. म्हणजे रोगप्रसार दर किती येणार, हे किती जणांना रोग झाला यावर जितके ठरते, तितकेच नाव रजिस्टरवर किती काळ राहते यावरही ठरते.

सांसर्गिक गटाचा कोर्स पूर्वी चोवीस महिन्यांचा होता, तो नंतर बारावर आला. याचा दरावर काय परिणाम होतो ते एका काल्पनिक तालुक्यात करून पाहा. लोकसंख्या अडीच लाख. दरवर्षी ३० नवे रुग्ण, त्यांतले १८ सांसर्गिक, १२ असांसर्गिक. जुन्या पद्धतीत कोणत्याही दिवशी रजिस्टरवर सांसर्गिक ३६ आणि असांसर्गिक ६, एकूण ४२. दर दहा हजारामागे १.६८. नव्या पद्धतीत सांसर्गिक १८ आणि असांसर्गिक ६, एकूण २४. दर ०.९६. तालुका एकाच्या रेषेखाली आला! नवीन रुग्ण शोध दर मात्र आधीही लाखामागे १२ होता, आताही १२च आहे. एकाही माणसाचा संसर्ग टळलेला नाही.

यावरून कोर्स छोटा करणे चूक होते असा अर्थ कुणी काढू नये. औषधे कमी काळात काम करतात आणि रुग्णाला वर्षभर आधी मोकळे करतात, ही मोठीच गोष्ट आहे. पूर्वी डॅप्सोन या एकट्या औषधावर माणसे वर्षानुवर्षे, कित्येकदा आयुष्यभर रजिस्टरवर राहत. बहुविध औषधोपचारामुळे माणसे खरोखर बरी झाली. पण १९८३ नंतरच्या प्रचंड घसरणीचा एक भाग बरे झालेल्यांची नावे कमी होण्याचा आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

विकृतीचा आकडा याहून फसवा. हातापायाला किंवा डोळ्याला डोळ्यांनी दिसेल असे नुकसान झाले असेल तर ती दर्जा २ विकृती. नव्या रुग्णांत असे किती टक्के, हे अहवालात असते. आपल्या तालुक्यात ३० नव्या रुग्णांपैकी तिघांना विकृती असेल तर १० टक्के. पुढच्या वर्षी शोध मोहीम झाली, आशा कार्यकर्ती आणि तिच्यासोबतचा पुरुष स्वयंसेवक घरोघर गेले, तिने बायकांची आणि त्याने पुरुषांची तपासणी केली. ६० रुग्ण सापडले, चौघांना विकृती. टक्केवारी उतरून ६.७ वर आली, विकृती असलेली माणसे मात्र वाढली. उलट शोधच थांबवला आणि आपणहून येतील तेवढेच नोंदले, तर समजा १२ सापडतील आणि त्यांत तिघांना विकृती असेल. शोध दर १२ वरून ४.८ वर आला, टक्केवारी २५ वर गेली. शोध दर घसरतोय आणि विकृतीची टक्केवारी चढतेय, ही जोडी दिसली की रोग ओसरला असे न मानता तपासणी ओसरली का, हे आधी विचारावे. टक्केवारीच्या जोडीला दहा लाख लोकसंख्येमागे विकृती असलेले नवे रुग्ण किती, हेही पाहावे. त्या हिशोबात छेद लोकसंख्येचा असतो, त्यामुळे जादा सौम्य रुग्ण सापडले म्हणून तो आकडा उतरत नाही. वरच्या उदाहरणात तो १२ वरून १६ झाला असता.

छेदातही खोट असते. २०११च्या जनगणनेनंतरच्या दरांना अंदाजित लोकसंख्या वापरली गेली. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गाळप संपल्यावर परततात. मोहीम त्या महिन्यांत झाली तर ही माणसे छेदात राहतात, पण त्यांच्या पाठीवरचा चट्टा कुणी पाहत नाही. दर आपोआप कमी येतो.

छोट्या गावाचा दर तर काढूच नये, असे आम्हाला वाटते. तीस हजार वस्तीच्या आरोग्य केंद्रात तीन रुग्ण असले की दर बरोबर एक, चार झाले की १.३३. एका माणसाने दर तेहतीस टक्के वाढला, अशी बातमी होऊ शकते. एवढ्या लहान आकड्यांत निव्वळ योगायोगाने कधी एक तर कधी सहा रुग्ण येतात. तीन ते पाच वर्षांची बेरीज करूनच बोलावे.

आणखी एक गुंता काळाचा. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. त्यामुळे यंदाचा शोध दर यंदाच्या संसर्गाबद्दल फारच थोडे सांगतो. त्यासाठी नव्या रुग्णांतल्या मुलांचे प्रमाण जास्त उपयोगी, कारण लहान मुलाला संसर्ग झाला असेल तर तो अलीकडेच झाला असणार.

आता रुग्णाच्या घरातल्या आणि शेजारपाजारच्या निरोगी माणसांना रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकाचा एकच डोस प्रतिबंधासाठी देतात. डोस देण्याआधी प्रत्येकाची त्वचा तपासावी लागते, आणि या तपासणीत काही नवे रुग्ण हमखास सापडतात. जिथे हे काम नेटाने होते तिथला शोध दर पहिली एक-दोन वर्षे वाढलेला दिसेल. त्या वाढीबद्दल तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला नोटीस पाठवणे म्हणजे पुढच्या वर्षी चट्टे न शोधण्याची सूचना देणेच होय.