वार्ताफलक (सोलापूर)

चौकात, तालमीच्या भिंतीला किंवा मंडळाच्या मांडवाच्या जागी लावलेला काळा फळा. त्यावर गल्लीची रोजची खबर खडूने लिहितात. बोलताना त्याला ‘बोर्ड’ म्हणतात. महाराष्ट्रात असे फळे गावोगाव आहेत. सोलापुरात ते टिकले, याची कारणे शहराच्या घडणीत आहेत. पेठांमध्ये घराला घर लागून आहे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच नळावर येतात, आणि त्या नळाला रोज पाणी येत नाही.

मजकूर चार प्रकारचा असतो: निधन, पाणी, उत्सव आणि पैसा. वाढदिवसाच्या शुभेच्छाही असतात, पण त्या वाचायला कुणी थांबत नाही.

निधनाची वार्ता हे फळ्याचे मुख्य काम. वर ‘दुःखद निधन’, खाली पूर्ण नाव, वय, राहण्याचे ठिकाण, मग अंत्ययात्रा किती वाजता, कुठून निघणार आणि कोणत्या स्मशानभूमीत जाणार. मोदी, रूपाभवानी की अक्कलकोट रोडची पद्मशाली स्मशानभूमी, हे लिहिलेच पाहिजे. कामावरून परस्पर येणारा माणूस चुकीच्या टोकाला गेला तर त्याला अखेरचे दर्शन मिळत नाही. वेळेच्या आकड्यापुढे ‘सकाळी’ किंवा ‘सायं.’ हवे, आणि कोपऱ्यात तारीख. नुसते ‘आज ५ वा.’ लिहिलेला फळा दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला की बाहेरगावाहून आलेले पाहुणे भलत्याच वेळी दारात उभे राहतात. लिंगायत कुटुंबात दफन असते, म्हणून ‘दहन’ न लिहिता ‘अंत्यविधी’ लिहिण्याची रीत आहे. ती सगळ्यांनाच चालते.

सर्वांत मोठी चूक नावात होते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर असल्याने सिद्धाराम, सिद्धेश्वर ही नावे घरोघरी, आणि तेलुगू भाषकांच्या पूर्व भागात तर आडनावेही तीच ती. ‘सिद्धाराम यांचे निधन’ एवढेच लिहिले तर तीन घरांत रडारड सुरू होते, त्यातल्या दोन घरांतला सिद्धाराम धडधाकट असतो. म्हणून वडिलांचे नाव, धंदा आणि ज्या नावाने माणूस ओळखला जातो ते टोपणनाव, तिन्ही लिहावीत. घरच्या माणसाने स्वतः सांगितल्याशिवाय खडू हातात घ्यायचा नाही, हा जुन्या लिहिणाऱ्यांचा दंडक. दवाखान्यातून ऐकून आलेल्या बातमीवर कधी लिहू नये.

पाण्याची ओळ छोटी, पण गर्दी तिच्यापुढे जास्त. शहराला उजनी धरण, भीमेवरील टाकळी आणि हिप्परगा तलावातून पाणी मिळते आणि ते भागवार, काही दिवसांआड सोडले जाते. पंपाची वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की सगळ्यांची पाळी पुढे सरकते. त्यामुळे ‘उद्या पाणी’ हे वेळापत्रक बघून नव्हे, तर चावी (पाण्याचा व्हॉल्व्ह) सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारून लिहावे. पेठेचे दोन भाग दोन वेगळ्या चाव्यांवर असतील तर दोन्ही वेगळे लिहावेत. वरच्या बोळाला पहाटे आणि खालच्या बोळाला दुपारी पाणी असताना एकच वेळ लिहिली तर भांडण नळावर नव्हे, फळ्यापाशी होते.

उत्सवांचे वेळापत्रक कॅलेंडर आणि पंचांग दोन्हींवर चालते. १२ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन असते: १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. लागूनच सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा. यण्णीमज्जन (तैलाभिषेक), अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह) आणि होमाच्या दिवशी सात नंदीध्वज (मिरवणुकीच्या उंच काठ्या) ज्या रस्त्याने जातात तिथल्या फळ्यावर ‘गाड्या काढून घ्याव्यात’ ही ओळ सर्वांत उपयोगी ठरते. पूर्व भागात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो. तिथे घरची बोली तेलुगू असली तरी फळा बहुधा मराठीतच असतो.

गणपतीनंतर जमाखर्च लिहिण्याची पद्धत मंडळाची अब्रू ठरवते. जमा वर्गणी, मांडव, वाजंत्री, प्रसाद, शिल्लक, एवढे पाच आकडे पुरतात. ‘इतर खर्च’ मोठा दिसला की पुढच्या वर्षी पावती फाडताना लोक त्याची आठवण करून देतात.

विडी वळणाऱ्या अनेक बायका फळ्यापाशी थांबत नाहीत. त्यांची खबर विडी कारखान्यात माल देताना, मोजणीच्या रांगेत फिरते, आणि बरेचदा फळ्याच्या आधी घरी पोचते.

फळा साधारण तीन बाय चार फुटांचा पुरतो. खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवावी, नाहीतर पोरांचे हात आणि सायकलींची हँडले मजकूर पुसतात. वर पुढे आलेला पत्रा हवा. चकचकीत ऑइलपेंट दिला की खडू घसरतो. मॅट काळा रंगच लागतो. रंग पूर्ण वाळल्यावर आडवा खडू सगळीकडे घासून एकदा पुसून घ्यावा, नाहीतर पहिल्या दिवशीची अक्षरे कायमची भुतासारखी दिसत राहतात. साखरेच्या पाण्यात दहा मिनिटे भिजवलेला खडू ठळक उठतो आणि हात लागून सहज पुसला जात नाही, पण जोराच्या पावसात तोही वाहतो. अक्षर दोन बोटे उंच असावे आणि एका ओळीत पाच-सहा शब्दच. रस्त्यापलीकडून गाडी न थांबवता वाचता आले पाहिजे.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की फळ्याच्या माथ्यावरचे पुढाऱ्यांचे नाव कागदाने झाकले जाते. काही ठिकाणी अख्खा फळाच झाकतात, ते अतिसावधपणाचे. निधन आणि पाण्याच्या ओळीला झाकण्यासारखे काही नसते.

आता मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये फळ्याचाच फोटो टाकतात. फोटो आठवडाभराने पुन्हा फिरू लागतो, म्हणून कोपऱ्यातली तारीख फोटोत यायलाच हवी.

पाण्याची ओळ पाणी येऊन गेल्यावर लगेच पुसावी. निधनाची तिसऱ्यापर्यंत ठेवतात, खाली सावडण्याची वेळ वाढवून. पुसायला ओला फडका घ्यावा. कोरड्या डस्टरची धूळ शेजारच्या टपरीवरच्या चहात जाते.