पुढच्या दाताला एक गुण

मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या आणि डिचोलीला मामाचा ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच. त्याच वर्षी मामेबहिणीने किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिससाठी अर्ज केला. मुलाखतीच्या आदल्या रात्री ती मोरीत आरशासमोर उभी राहून लिंबाची फोड मिठात बुडवून दात घासत होती. तिचा वरचा डावा सुळा दुसऱ्या दातावर चढलेला. आजी त्याला कौतुकाने ‘दातावर दात’ म्हणायची. लिंबाने सुळा काही मागे जाणार नव्हता. झाले एवढेच, की सकाळी तांब्यातले गार पाणी तोंडात घेतले तर ती कळवळली.

मुलाखतीत इंग्रजी विचारले, संगणक विचारला आणि शेवटी एकदा हसून दाखवायला सांगितले. दोन दिवसांनी फोन आला: आवाज छान आहे, रिझर्व्हेशनला घेतो. म्हणजे तळघरातली खोली, कानाला हेडफोन आणि समोर भिंत. पगाराचा आकडा काउंटरवालीइतकाच, टिप मात्र शून्य. दातांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. या विषयाची गोम तीच आहे, नकाराचे कारण कागदावर कधी येत नाही.

माणसाला कामावर घेताना त्याच्या तोंडात डोकावण्याची रीत मात्र जुनी. शेतकऱ्याला ती बैलबाजारातून ठाऊक आहे. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला; दातावरून वय आणि वयावरून किंमत. ‘धर्माचे गायी आणि दात कां गे नाही’ ही म्हण त्या व्यवहारातूनच आली. जुन्या गोव्यात तर माणसांचा बाजारही जनावरांच्या बाजाराला खेटून होता. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने तिथल्या रोजच्या सकाळच्या जाहीर विक्रीचे वर्णन लिहून ठेवले आहे. घोडे, कापड, दागिने आणि गुलाम, सगळे एकाच रस्त्यावर. त्या विक्रीला पोर्तुगीज शब्द ‘लेलांव’. आपला ‘लिलाव’ तिथूनच आला.

दात पांढरेच हवेत, हा आग्रह मात्र या भागात तेव्हा नव्हता. उलट, रंगलेले तोंड हीच संपन्नतेची खूण. गार्सिया द ऑर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात विड्याच्या पानाची आणि सुपारीची सविस्तर चर्चा केली आहे. लिन्सखोटेन सांगतो, की गोव्यातल्या पोर्तुगीज घरांतल्या बायकाही दिवसभर विडा चघळत. पुढे १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, एतद्देशीय चालीरीतींवर बंदीचे फर्मान काढले, त्यात लग्नात पान, सुपारी, फुले वाटू नयेत असेही कलम होते. कारण धर्माचे होते, दातांचे नव्हे. घाटावर आणि कोकणात सवाष्णीच्या शृंगारात दातवण असे. आज हा शब्द दात घासण्याच्या काडीला लावतात, पण जुन्या अर्थाने दातवण म्हणजे हिराकस, मायफळ अशा द्रव्यांची पूड, दात काळे करण्यासाठी लावायची. काळे दात सौभाग्याचे. जपानातही लग्न झालेल्या स्त्रिया दात काळे करत. तिथे १८७३ मध्ये खुद्द सम्राज्ञीने ती प्रथा सोडली, तेव्हा कुठे पांढऱ्या दातांना प्रतिष्ठा आली.

आमच्या घरी मावशी मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू भाजून काळा करायचा, बोटाने चुरायचा आणि तर्जनीने हिरड्यांना चोळत पाऊण तास मागच्या दारी बसायचे. बाकीच्यांना राखुंडी, नाहीतर आंब्याचे पान उभे दुमडून त्याचा शिरेकडचा भाग. मशेरीने तोंडाचा कर्करोग होतो हे तेव्हा घरात कुणाला माहीत नव्हते. काळ्या दातांमुळे एखादे काम जाईल हेही कुणाच्या मनात येण्यासारखे नव्हते, कारण मावशीचे काम शेतात आणि चुलीपुढे. भात लावताना तोंड कोण बघतो?

नोकरीसाठी दात मोजायला पहिल्यांदा शिस्तीने सुरुवात केली ती सैन्यांनी, तीही दिसण्यासाठी नाही. ठासणीच्या बंदुकीचे काडतूस कागदात गुंडाळलेले असे आणि तो कागद दाताने फाडावा लागे. पुढचे दात नसलेला माणूस शिपाई म्हणून निरुपयोगी. युरोपात सक्तीच्या भरतीला कंटाळलेले तरुण स्वतःचेच पुढचे दात पाडून घेत, ते याच कारणाने. आपल्याकडे १८५७ च्या उठावात एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसांना लावलेल्या चरबीवरून भडका उडाला, त्याच्या मुळाशीही काडतूस दाताने तोडण्याचीच कवायत होती. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी, म्हणजे १८९९ ते १९०२ मध्ये, काडतुसे धातूची झाली होती, पण कडक बिस्किटे चावता येत नाहीत म्हणून ब्रिटिश सैन्याला दातांची नव्याने काळजी लागली.

भारतीय सैन्यात आजही भरतीच्या वेळी दातांचे गुण मोजतात. गावातल्या भरतीच्या पोरांना हे पाठ असते. वरच्या आणि खालच्या, एकमेकांना भिडणाऱ्या निरोगी दातांनाच गुण मिळतात. पुढचे दात, सुळे आणि उपदाढा यांना प्रत्येकी एक, तर पूर्ण वाढलेल्या दाढेला दोन. एकूण बावीस, पास व्हायला किमान चौदा. म्हणजे सैन्याच्या लेखी न दिसणारी दाढ दिसणाऱ्या दातापेक्षा दुप्पट मोलाची. हा हिशेब मला फार आवडतो, कारण तो उघड आहे आणि त्यामागे चावण्याचे कारण आहे. हॉटेलच्या काउंटरवरही गुण मोजतात, पण तिथला तक्ता बरोबर उलटा आणि भिंतीवर कुठेही न लावलेला.

हा उलटा तक्ता आला कुठून? त्याचे एक टोक पॅरिसमध्ये सापडते. १७८७ मध्ये व्हिजे ल ब्रन या चित्रकर्तीने मुलीसोबतचे आपले चित्र प्रदर्शनात मांडले. त्यात तिचे ओठ किंचित विलग होते आणि दात दिसत होते, एवढ्यावरून टीका झाली. सभ्य माणसाने चित्रात तोंड मिटायचे असा संकेत होता. दुसरे टोक हॉलिवूडचे. चार्ल्स पिंकस या कॅलिफोर्नियातल्या दंतवैद्याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस नटनट्यांच्या दातांवर चित्रीकरणापुरते चिकटवायचे पातळ पापुद्रे बनवले. ते लावून जेवता येत नसे, पण पडद्यावर शुभ्र ओळ दिसे. एक ओळ, एक रंग, फट नाही. जगभरच्या जाहिरातींनी पुढे हाच नमुना उचलला. आपल्याकडे कोलगेट १९३७ मध्ये आले; आज त्यांचा एक कारखाना आपल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतच आहे.

गोव्यात या नमुन्याला बाजार मिळायला वेळ लागला. १९६१ पर्यंत गोंयकार नोकरीसाठी बाहेर जायचा तो मुंबईला, आफ्रिकेला किंवा बोटीवर. तारवटी म्हणून गेलेला माणूस इंजिनखोलीत, भटारखान्यात, फार तर वाद्यवृंदात. गावात दंतवैद्य म्हणजे दात काढणारा. वैद्यकीय शाळा पणजीत १८४२ पासून होती, पण दातांचे स्वतंत्र महाविद्यालय पणजीजवळ बांबोळीला उभे राहिले ते १९८० मध्ये. तोपर्यंत सत्तरी-पेडण्याकडच्या माणसाला वाकडा दात सरळ करता येतो हे ऐकूनही माहीत नव्हते. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने वाकड्या दातांचे वर्गीकरण १८९९ मध्येच केले होते. ते आमच्या गावात पोचायला ऐंशी वर्षे लागली असे म्हणायला हरकत नाही.

दरम्यान पर्यटन वाढत होते. आग्वादच्या किल्ल्याशेजारी ताजचे हॉटेल १९७४ मध्ये सुरू झाले. १९८३ मध्ये राष्ट्रकुल प्रमुखांची विश्रांतीची बैठक गोव्यात झाली आणि किनाऱ्याची छायाचित्रे जगभर गेली. तरीही डिचोली, सत्तरी, सांगे या भागांना हॉटेलची गरज वाटली नाही, कारण खनिज होते. ट्रक, बार्ज, गॅरेज, चहाचा गाडा. ट्रीप मोजून पैसे मिळायचे, हसू मोजून नव्हे. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणकाम थांबवले. मध्ये काही काळ ते मर्यादित स्वरूपात सुरू झाले, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले. लाल धुळीतले एक अख्खे पिढीजात उत्पन्न गेले. मुले-मुली किनाऱ्याकडे, मांडवीतल्या कॅसिनोंकडे आणि २०२३ पासून मोपाच्या विमानतळाकडे वळली. या सगळ्या जागी पहिले काम एकच: अनोळखी माणसाकडे बघून तोंड उघडून हसणे. ‘हसतील त्यांचे दात दिसतील’ ही म्हण आम्ही बेफिकिरीने म्हणायचो. इथे ती नोकरीची अट झाली.

दातांच्या दिसण्याचा पैशांत हिशेब मांडण्याचे काम अमेरिकेत झाले आहे. तिथे ग्रँड रॅपिड्स शहरात जानेवारी १९४५ मध्ये पिण्याच्या पाण्यात पहिल्यांदा ठरावीक मात्रेत फ्लोराइड मिसळले, दात किडू नयेत म्हणून. काही गावांनी ते केले, काहींनी नाही. शेरी ग्लाइड आणि मॅथ्यू नायडेल या अभ्यासकांनी याच फरकाचा उपयोग केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, फ्लोराइडच्या पाण्यावर लहानाच्या मोठ्या झालेल्या स्त्रियांची कमाई इतर स्त्रियांपेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी जास्त होती. पुरुषांच्या कमाईत फरक आढळला नाही. स्त्रियांमधलाही हा फरक जवळजवळ सगळा गरीब घरांतून आलेल्यांचा. चांगल्या दातांच्या बायका अधिक काम करतात असे काही त्यांना दिसले नाही. गिऱ्हाइकाची आणि मालकाची नजर हेच कारण त्यांना संभवनीय वाटले. मामेबहिणीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “रे दादा, ह्यासाठी अमेरिकेत कशाला जायला हवं होतं?”

अमेरिकेत ज्याने दात वाचवले तेच फ्लोराइड आपल्याकडे दात बिघडवते, हा आणखी एक पेच. भारतात फ्लोराइडचा विकार १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात प्रथम नोंदला गेला. आपल्या मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर दीड. गदग, कोप्पळ, बागलकोट किंवा आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते याहून जास्त असते. तिथे वाढलेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे येतात. दात हिरडीतून बाहेर येण्याआधीच, घडतानाच, डाग आत बसलेला असतो. उत्तर कर्नाटकातून गोव्यात कामाला येणारी पोरे पुष्कळ. त्यांच्यातला एखादा पट्टेवाल्या दातांचा वेटर दिसला की गिऱ्हाईक मनात म्हणते, गुटखा खातो वाटते! पोराने आयुष्यात गुटख्याची पुडी फोडलेली नसते.

औषधाचे डाग हा दुसरा प्रकार. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक १९५० च्या दशकात आले आणि तापासाठी मुलांना सर्रास दिले गेले. गरोदर आईने किंवा आठ वर्षांखालच्या मुलाने ते घेतले तर दात राखी-तपकिरी होतात आणि घासून जात नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांत जन्मलेल्या कित्येकांच्या तोंडात त्या तापाची खूण अजून आहे. म्हणजे मालक मुलाखतीत ज्याला ‘स्वच्छता’ म्हणून गुण देतो ती बहुतेकदा गावचे पाणी, लहानपणीचा डॉक्टर आणि बापाची ऐपत असते. वाकडे दात तारा लावून सरळ करायला दीड-दोन वर्षे लागतात, दर महिन्याला फेरी असते. केरीहून बांबोळीला दर महिन्याला कोण नेणार होते?

फ्रान्सने २००१ मध्ये नोकरीत शारीरिक रूपावरून भेदभाव करायला कायद्याने मनाई केली. आपल्याकडे खासगी नोकरीत दिसण्यावरून डावलले तर बोट ठेवता येईल असे स्वतंत्र कलम नाही. आणि कलम असते तरी ‘आवाज छान आहे’ या वाक्याविरुद्ध तक्रार काय करायची?

आमच्या वाड्यावरचा एक जण मालवाहू बोटीवर जातो. जहाजावर चढण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत दात बघतात, कारण भर समुद्रात दाढ ठणकली तर डॉक्टर कुठून आणायचा. २०१९ मध्ये त्याला किडलेल्या दोन दाढांची कामे करून ये म्हणून परत पाठवले. त्याने एक भरून घेतली, एक काढून टाकली आणि सही मिळवली. त्याचा वरचा पुढचा दात शाळेत असताना क्रिकेटचा चेंडू लागून अर्धा तुटला आहे. त्याबद्दल डॉक्टरने विचारले नाही, कंपनीने नाही, कप्तानानेही नाही. सुटीवर आला की तो आणि मामेबहीण आमच्या ओसरीवर गप्पा मारत बसतात. तो खदाखदा हसतो. ती हसते तेव्हा तिचा डावा हात आपोआप ओठांपाशी येतो.