सव्वा मीटर गेलं, पण कुठलं?

रामबागेत आमच्या शेजारच्या काकांचं पोटाच्या टीबीमुळे ऑपरेशन झालं. लहान आतड्याचा शेवटचा सव्वा मीटर काढावा लागला. भेटायला येणारा जो तो सांगे, "आता खाल्लेलं अंगी लागायचं नाही, तूप वाढवा." काकूंनी वाढवलं. चार दिवसांत जुलाब दुप्पट, तेही तेलकट, पाण्यावर तरंगणारे.

लोकांचा हिशेब सरळ होता. सुमारे सहा मीटरांतलं सव्वा गेलं, तर पाचवा हिस्सा पोषण गेलं. पण आतडं म्हणजे सगळीकडे सारखा पाइप नव्हे. लोह मुख्यतः सुरुवातीलाच शोषलं जातं. साखर, प्रथिनं, चरबी यांचंही बरंचसं वरच्या भागातच उरकतं. वरचा तेवढाच तुकडा गेला असता, तर खालच्या भागाने ते काम अंगावर घेतलं असतं. त्याचे रसांकुर, म्हणजे अन्नरस शोषणारे आतल्या भिंतीवरचे बोटांसारखे बारीक उंचवटे, हळूहळू लांब होतात, वर्ष-दोन वर्षं हे चालतं. उलटं मात्र घडत नाही. शेवटच्या भागाची दोन कामं वरच्याला कधीच जमत नाहीत.

पहिलं पित्तक्षारांचं, आणि माझा जीव अडकलाय तो इथे. तूप पाण्यात मिसळत नाही. भांडी घासताना साबण जे करतो ते पोटात पित्तक्षार करतात, चरबीचे बारीक थेंब करून धरून ठेवतात. शरीरात हा माल जेमतेम काही ग्रॅम. तेवढ्यात भागतं, कारण काम झालं की आतड्याचं शेवटचं टोक त्यातला 95 टक्के परत शोषतं, रक्तातून यकृताकडे धाडतं आणि यकृत तोच पुन्हा पित्तात सोडतं. दिवसातून कित्येक फेऱ्या. टोक थोडं गेलं तर यकृत नवे क्षार बनवून तूट भरून काढतं. मीटरच्या वर गेलं की यकृताचा हात तोकडा पडतो. मग तूप न पचता मोठ्या आतड्यात उतरतं आणि वाटेत कॅल्शियमला चिकटतं. एरवी हेच कॅल्शियम पालकातल्या ऑक्झलेटला अडकवून बाहेर नेतं. आता ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं, मूत्रपिंडात खडा. तूप खाऊन मुतखडा! "आतडी धुऊन काढणारं" चूर्ण काकांना कुणीतरी आणून दिलं होतंच. ज्याचे क्षार आधीच वाहून चाललेत त्याला आणखी जुलाब करवायचे, ही कुठली वैद्यकी?

दुसरं काम बी-12चं. जठरातून आलेलं एक प्रथिन त्याला सोबत घेऊन फिरतं, आणि त्या जोडीला ओळखून आत घेणारे ग्राहक (रिसेप्टर) फक्त याच टोकाला. पण गरज रोजची दोन-अडीच मायक्रोग्रॅम आणि यकृतात साठा काही मिलिग्रॅमचा, त्यामुळे तूट दिसायला वर्षं लागतात. काकांनी "काही होत नाही" म्हणून सहा महिन्यांत इंजेक्शनं बंद केली. तिसऱ्या वर्षी तळपायांना मुंग्या आल्या, अंधारात पायऱ्या चुकायला लागल्या.

इंजेक्शनं पुन्हा सुरू आहेत. तूप चमचाभर. पोह्यांवरची शेव मात्र काकू मोजून घालतात आणि काका ती वाटीत शोधत बसतात.