डी-४ वेगळी आणि रेस-टू-४ वेगळं

लोणावळा, कर्जत, पनवेलच्या रिसॉर्टवर ऑफिसच्या सहलीत जे पेंटबॉल, म्हणजे रंगाच्या गोळ्यांनी एकमेकांना टिपायचा खेळ, खेळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. जाड जाकीट, आतून वाफ धरलेला मास्क, मोजून दिलेल्या गोळ्या आणि संध्याकाळी एकमेकांना दंडावरचे वळ दाखवणं. तिथे डिव्हिजन, म्हणजे खेळणाऱ्यांची पायरी, नसते, आणि फॉरमॅट, म्हणजे सामना कसा खेळायचा ते, शिट्टी मारणारा पोरगा सांगेल तो. ते सोडून देऊ.

घोळ होतो अमेरिकेतल्या एनएक्सएलचे, म्हणजे नॅशनल एक्सबॉल लीगचे, सामने यूट्यूबवर बघायला लागलं की. मग ठरलेलं वाक्य कानावर येतं: "ते डी-फोर खेळतात, म्हणजे चार पॉइंटची मॅच." अहो, नाही. मुंबई क्रिकेटमधल्या कांगा लीगची ए डिव्हिजन आणि टी-ट्वेंटी या दोन गोष्टींची गल्लत आपल्याकडे शाळकरी पोरसुद्धा करणार नाही. इथे मात्र चांगली जाणती माणसं करतात, कारण दोन्हीकडे आकडे आहेत आणि ते उलटसुलट धावतात. डी म्हणजे डिव्हिजन: डी-२, डी-३, डी-४, डी-५ यांत आकडा वाढला की पायरी खाली. रेस-टू हा फॉरमॅट, आधी तितके पॉइंट करण्याची शर्यत: रेस-टू-४, रेस-टू-५, रेस-टू-७ यांत आकडा वाढला की सामना मोठा. सगळ्यात वर प्रो, त्याखाली सेमी-प्रो. त्यांना आकडाच नाही. शिवाय 'फाइव्ह-मॅन' आणि 'टेन-मॅन' हे आकडे आणखी तिसरेच, मैदानावर किती डोकी उतरतात त्याचे. एकाच वाक्यात तीन पाच आले की गोंधळणाऱ्याला तरी काय बोलणार.

फॉरमॅटचं आधी उरकतो. रेस-टू म्हणजे पाच विरुद्ध पाच. मैदान १५० फूट लांब, १२० फूट रुंद, त्यावर हवा भरलेले बंकर, म्हणजे लपायचे आडोसे, दोन्ही अर्धी हुबेहूब सारखी. भोंगा झाला की दहाही जण बंकराकडे सुटतात. अंगावर गोळी फुटली की बाहेर. समोरच्यांना संपवून त्यांच्या तळावरचा बझर दाबला की एक पॉइंट. घड्याळ थांबतं, थोडी उसंत मिळते, ताजे पाच जण उतरतात, पुन्हा भोंगा. रेस-टू-७ मध्ये आधी सातावर पोचेल तो जिंकला. त्याआधीच घड्याळ संपलं तर पुढे असलेला जिंकला. खालच्या डिव्हिजनना छोटी रेस देतात ती त्यांना झेपत नाही म्हणून नव्हे. संघ भरमसाट, मैदानं मोजकी आणि शनिवार-रविवार तेवढेच. रेस-टू-४ एकाहून जास्त डिव्हिजन खेळतात, हे एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ संपेल. बाकी बंकरांची मांडणी, सेकंदाला ३०० फुटांची वेगमर्यादा, गोळीचा आकार, हे एका स्पर्धेत वर-खाली सगळ्यांना सारखंच. प्रोवाले ज्या बंकरामागे दबा धरतात त्याच मांडणीत डी-५ ची पोरंही लोळतात.

फॉरमॅटमुळे डोकं किती वेगळं चालवावं लागतं, ते टॉवेलवरून कळतं. समजा रेस-टू-७ आहे, तुम्ही ३-४ ने मागे, घड्याळात तीन मिनिटं, आणि चालू पॉइंटात तुमचे तिघं बाहेर. उरलेले दोघं लपून राहिले तर पॉइंट कदाचित लांबेल, पण मिनिटं वाहून जातील. अशा वेळी प्रशिक्षक मैदानात सरळ टॉवेल फेकतो: घ्या तुमचा पॉइंट, ३-५ झालं, पण घड्याळ वाचलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हा हरला. तो पैसे टाकून वेळ विकत घेतोय. रेस-टू-४ मध्ये समोरच्याचे तीन झाले असतील तर तोच टॉवेल म्हणजे सामन्यावर पाणी. आणि एनपीपीएल या जुन्या अमेरिकन लीगच्या सेव्हन-मॅनमध्ये तर टॉवेलला अर्थच नव्हता: एक डाव, गुण शंभरापैकी, त्यात किती जणांना टिपलं, झेंडा उचलला का, लावला का, यांच्याबरोबर तुमचे किती जण जिवंत राहिले यालाही गुण. तिथे कोपऱ्यात दडून बसलेल्याला किंमत होती, रेसमध्ये नाही. सॅन डिएगो डायनॅस्टी या संघाने त्या काळात एनपीपीएल आणि एनएक्सएल अशा दोन्ही लीगमध्ये प्रो म्हणून खेळून दोन्हीकडे धुमाकूळ घातला. डिव्हिजन तीच, खेळ निराळा.

आता खरी मेख. फुटबॉलच्या सवयीने आपण धरून चालतो की डिव्हिजन संघाची असते. संघ जिंकला, वर चढला. हरला, खाली आला. खेळाडू आले काय, गेले काय. अमेरिकन पेंटबॉलमध्ये डिव्हिजन मुख्यतः खेळाडूच्या नावावर चढते. प्रत्येकाची नोंदणी असते आणि त्यावर त्याची श्रेणी. स्पर्धेत वरचा क्रमांक आला की त्याच्या खात्यात गुण जमतात, ठरावीक रेषा ओलांडली की तो वरच्या पायरीचा होतो, जुने गुण काळाबरोबर विरतात. संघ कुठल्या डिव्हिजनमध्ये उतरू शकतो हे त्याच्या यादीतल्या माणसांच्या श्रेणी बघून ठरतं. वरच्या पायरीचे मोजकेच खेळाडू घेता येतात.

याचा परिणाम संघ चालवणाऱ्याला विचारा. सात मित्र डी-४ जिंकतात. पुढच्या हंगामात त्यातल्या जुन्या चौघांची श्रेणी डी-३ झालेली असते; गेल्याच वर्षी आलेले तिघं अजून डी-४ मध्येच. एकत्र राहायचं तर त्या तिघांनी वरच्या पाण्यात उडी मारायची, नाहीतर चौघांनी निरोप घ्यायचा. म्हणून तिकडे दर हिवाळ्यात चांगले संघ फुटतात, आणि आपण म्हणतो, काय भांडण झालं असेल! बहुतेक वेळा भांडण नसतं, गणित असतं.

फॉरमॅट रविवारी संध्याकाळी जाळी उतरवली की संपतो. डिव्हिजन खेळाडूबरोबर घरी येते, आणि त्याने संघ बदलला, शहर बदललं तरी सुटत नाही. त्यामुळे "हा संघ डी-३ चा आहे" हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, यादी कुणाची?

या व्यवस्थेला चुकवणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे. हात वरच्या पायरीचा, पण श्रेणी वाढू नये म्हणून मुद्दाम मोजक्या स्पर्धा खेळायच्या, आणि मग नवख्या पोरांना चोपून करंडक घेऊन फोटो काढायचे. नियमात बसतं, म्हणून काय झालं. प्रवेशफी, प्रवास आणि दोन-दोन हजार गोळ्यांच्या पेट्या यांचा खर्च करून आलेली मुलं यांच्यापायी चार सामन्यांत परत जातात.

माझ्या मते बघायला सर्वोत्तम टेन-मॅन मेकॅनिकल. बोट दाबलं की एक गोळी, इलेक्ट्रॉनिक मार्करचा, म्हणजे बंदुकीचा, सेकंदाला दहाच्या आसपासचा मारा नाही, त्यामुळे माणसं हलताना दिसतात. पण ती फॉरमॅटची आवड झाली. तिथेही डिव्हिजन पाडता येतातच, आणि कुणी मेकॅनिकलला 'खालची लेव्हल' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

युरोपातल्या मिलेनियम मालिकेत सीपीएल आणि त्याखाली एसपीएल अशी रचना झाली, संघच खाली-वर करणारी. तिथले निकाल फुटबॉलच्या चष्म्यातून वाचले तरी चालायचं. अमेरिकेतली कॉलेज लीग मात्र या सगळ्या विवेचनाला खिंडीत गाठते. तिथे क्लास-ए वाले एक्सबॉल, म्हणजे रेस-टूच्या घराण्यातलं, खेळतात आणि डबल-ए वाले साधं फाइव्ह-मॅन, म्हणजे वर्ग आणि फॉरमॅट एकाच नावात बांधलेले. आणि डबल-ए हा ए च्या वरचा नाही, खालचा आहे. हे ज्याने ठरवलं त्याला सवड मिळाली तर मला दोन शब्द बोलायचे आहेत.